क्रेडिट कार्डची लिमिट वाढवायची? बँकेला ‘हो’ कळवण्याआधी एवढं वाचा

गेल्या जुम्याला नमाज झाल्यावर शिराळ्यात मस्जिदीबाहेर चपला घालत होतो, तेव्हा ओळखीतल्या एका तरुणाने मोबाईल पुढे केला. “सर, हे जरा बघा की.” बँकेचा मेसेज होता. त्याच्या क्रेडिट कार्डची लिमिट ६० हजारांवरून २ लाख १० हजार होऊ शकते, फक्त होकार द्यायचा. दोन महिन्यांवर बहिणीचा निकाह आलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं, “सर, पैसं दारात आल्यागत झालं. हो करू का?”

उभ्या उभ्या आम्ही त्याला एवढंच सांगितलं की आज काही दाबू नकोस. पण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्या घरांतली पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला लागली, पगार बँकेत येतो, पाठोपाठ कार्ड येतं, आणि वर्षभरात लिमिट वाढवायचं बोलावणं येतं. काहीजण स्वतःहूनच बँकेकडे मागणी करतात. म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

आधी दीनची बाजू, कारण आपल्या वाचकांचा पहिला प्रश्न तोच असतो. आम्ही मुफ्ती नाही, शिक्षक आहोत. जेद्दा इथल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने सप्टेंबर २००० मध्ये रियाधच्या अधिवेशनात या कार्डांवर ठराव केला. खात्यात पैसे नसताना उधारीवर चालणाऱ्या कार्डाच्या करारात सुदाची अट असेल, तर मुदतीत पैसे भरायची नियत असली तरी ते कार्ड घेणं जायज नाही, असं त्यात म्हटलं आहे. मुदतीत पूर्ण बिल भरणाऱ्याला गरजेपुरती सवलत देणारे उलमाही आहेत. तुमचा ज्यांच्यावर विश्वास आहे त्या आलिमांना विचारा. कार्ड नकोच म्हणणाऱ्यांचा निर्णय आम्हाला मान्य आहे, त्यांचं काम डेबिट कार्डावर भागतं. पुढचं लिखाण ज्यांच्याकडे कार्ड आधीच आहे त्यांच्यासाठी. सूद एक रुपयाही भरायचा नाही हे धरून लिमिटचा विचार कसा करायचा, एवढाच आमचा विषय आहे.

लिमिट म्हणजे काय, आणि ती कुणाच्या मर्जीने वाढते

लिमिट म्हणजे बँक तुम्हाला एका वेळी जास्तीत जास्त किती उधार देईल तो आकडा. ती तुमची शिल्लक नव्हे. हे वाचायला सोपं आहे, पण मोबाईलवर ‘उपलब्ध रक्कम २,१०,०००’ असं दिसलं की भल्याभल्यांना ती आपली वाटायला लागते.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांसाठी नियम काढले, ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यात स्पष्ट आहे की बँकेने स्वतःच्या मनाने लिमिट वाढवायची नाही, कार्डधारकाची आधी स्पष्ट संमती घ्यायची. लिमिट कमी करायची असेल तर मात्र बँक करू शकते, तिने कळवायचं असतं. न मागता कार्ड पाठवून त्याचे पैसे लावले, तर ते पैसे परत आणि वर त्याच्या दुप्पट दंड, असंही त्यात आहे. म्हणजे मेसेज आला म्हणून काही होत नाही, तुमचा होकार लागतो. आणि उत्तर न देणं हाही नकारच आहे. कुणाला ‘नाही’ म्हणायला संकोच वाटत असेल तर त्याने गप्प बसावं.

मागणी करायला खरं कारण कोणतं

दोन कारणं आम्हाला पटतात. पहिलं आजारपणाचं. शिराळ्याहून पेशंट रात्री कराडला नाहीतर मिरजेला न्यावा लागतो, आणि काउंटरवर आधी डिपॉझिट मागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का हे तिथे आधी विचारा, ते बरेचजण घाबरून विसरतात. बसत नसतील तर त्या रात्री कार्ड उपयोगाला येतं, आणि बिलाची तारीख येईपर्यंत भाऊ-बहिणी मिळून रक्कम गोळा करतात.

दुसरं कारण हिशेबाचं आहे आणि ते कमी लोकांना माहीत असतं. सिबिलसारख्या कंपन्या ३०० ते ९०० मध्ये जो गुणांक देतात, त्यात तुम्ही लिमिटपैकी किती भाग वापरता हेही बघितलं जातं. समजा लिमिट ६० हजार आहे आणि घरचा किराणा, विमा, फी मिळून महिन्याला ४५ हजार कार्डावर जातात. वापर झाला ७५ टक्के. बिल तुम्ही वेळेवर भरता, तरी कागदावर तुम्ही गळ्यापर्यंत उधारीत दिसता. लिमिट दीड लाख झाली आणि खर्च ४५ हजारच राहिला, तर वापर ३० टक्के. साधारण तीसच्या आत ठेवावा असं म्हणतात. इथे वाढीव लिमिट फायद्याची ठरते, पण खर्च तेवढाच राहिला तर. तोच खर्च लाखावर गेला तर कारणच संपलं.

निकाह, उमरा, नवा मोबाईल ही कारणं आम्हाला पटत नाहीत. हज-उमऱ्याची तर ऐपत ही अटच आहे, उधारीच्या लिमिटला ऐपत म्हणता येत नाही.

बिल पूर्ण नाही भरलं तर

हे आम्ही दहावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवतो. समजा एक लाख थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज ३,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. झाले ४,१३०. तुम्ही ५,००० भरले तर मूळ रकमेतून गेले फक्त ८७०. असेच दरमहा ५,००० वर्षभर भरले आणि कार्ड एकदाही वापरलं नाही, तरी ६० हजार भरून मूळ कर्ज जेमतेम १३ हजारांनी उतरतं. सुमारे ८६,८०० अजून बाकी. वर्ग एकदम शांत होतो.

बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते. ती भरली की विलंब शुल्क टळतं, सूद टळत नाही. पूर्ण रक्कम भरली नाही तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर मुदत मुळात नसतेच, त्याच दिवसापासून व्याज सुरू. आणि व्याजाला वरची कमाल मर्यादा कोर्टाने घातली आहे असं कुणी सांगत असेल तर ते आता जुनं झालं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचा दर अनुचित ठरवला होता, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. व्याज नाही म्हणजे हलाल, असं लोक धरून चालतात. शून्य टक्के हप्त्यांच्या योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने लपवलेलं असतं, असं रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना सुनावलं होतं. आजही बऱ्याच बिलांत व्याजाची ओळ वेगळी दिसते, तेवढी सूट आधी दिलेली असते आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याकडून जातो. बिल मागवून वाचा. शिवाय हप्ते फिटेपर्यंत तेवढी लिमिट अडकून राहते, मग लोक पुन्हा लिमिट वाढवायला निघतात.

मागणी कशी करायची

बँकेच्या अॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या भागात लिमिट वाढवण्याचा पर्याय असतो, शाखेत अर्जही देता येतो. नोकरदारांकडून पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६, दुकानदारांकडून आयकर विवरणपत्र मागतात. दुकानदार भावांनो, धंदा चांगला असून विवरणपत्र भरत नसाल तर बँकेच्या लेखी तुमचं उत्पन्नच नाही. बँक बघते ती मागची बिलं वेळेवर भरली का, उत्पन्न वाढलं का, दुसरी कर्जं किती. कार्ड घेऊन दोन महिने झाले असतील तर थांबा. सहा महिने ते वर्षभर पूर्ण बिलं भरल्यावर मागितलं तर जमण्याची शक्यता जास्त. आकडाही तुम्हीच सांगा. बँक दोन लाख देते म्हणून दोन लाख घ्यायचं बंधन नाही.

आपल्या समाजात एक अडचण वेगळी आहे. ज्यांनी सुदाच्या भीतीने आयुष्यात कर्ज घेतलं नाही, त्यांची नोंदच कोरी असते. गुणांकाच्या जागी काहीच नाही. बँकेला प्रामाणिक माणूस आणि अनोळखी माणूस सारखेच दिसतात, म्हणून लिमिट कमी मिळते. यात तुमची बदनामी नाही. कमी लिमिटवर वर्षभर नीट भरलं की नोंद तयार होते.

मागणीआधी स्वतःचा अहवाल बघून घ्या. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. एकाच महिन्यात तीन-चार बँकांकडे अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते. नकार आला तर कारण लेखी मागा. बँकेने ३० दिवसांत तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी क्रमांक १४४४८.

आणखी एक, आपल्या घरांतली जुनी सवय. “चाचा, तुमचं कार्ड द्या, पुढच्या महिन्यात देतो.” चाचा मायेपोटी देतात. लिमिट वाढली की मागणारेही वाढतात. पुतण्याने उशीर केला तर सूद चाचांच्या नावावर, गुणांकही चाचांचाच घसरतो. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला सांगणारी सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. घरातल्या घरात कार्ड द्यायचंच असेल तर निदान वहीत तारीख आणि रक्कम लिहा.

‘लिमिट वाढवून देतो’ म्हणणाऱ्या फोनवर ओटीपी सांगू नका. बँक तो फोनवर मागत नाही. ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्यावर येतं. म्हणून लगेच कार्ड बंद करा आणि १९३० ला फोन लावा.

त्या तरुणाला इशाच्या नमाजनंतर घरी बोलावलं. मेसेजमधली लिंक न उघडता बँकेच्या अॅपमध्ये बघितलं, ऑफर खरी होती. मग कागदावर निकाहचा खर्च मांडला. मंडप, जेवण, भांडी, यातलं बहुतेक रोखीचं, कार्ड तिथे चालतच नव्हतं. कार्डावर जाणारे होते कपडे आणि मोबाईल, साधारण ८० हजार, आणि पुढच्या दोन पगारांतून त्यातले ४० हजारही निघत नव्हते. त्याने मोबाईल यादीतून काढला. ऑफरला उत्तर दिलं नाही. निकाहनंतर सहा महिन्यांनी लिमिट एक लाखापर्यंत मागू असं ठरलं, दवाखान्यासाठी. राहिलेल्या पैशांसाठी घरच्यांची चिठ्ठीची भिशी आहे, लिलावाची नाही. यंदाचा नंबर मामांचा होता, तो त्यांनी भाचीसाठी सोडला.