उघड्या दाराचें चर्च

लंडन शहराच्या मध्यभागीं ट्राफल्गार चौक म्हणून एक विस्तीर्ण चौक आहे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यावर एक जुनें, पांढऱ्या दगडाचें चर्च उभें आहे. त्याचें नांव सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स, म्हणजे शेतांतील संत मार्टिनचें चर्च. आज तेथें शेत नाहीं. चोहोंकडे मोटारी आणि माणसांची दाटी. परंतु मध्ययुगांत ही जागा नगराच्या तटाबाहेर मोकळ्या रानांत होती. रान गेलें, नांव तेवढें राहिलें. आज या चर्चमध्यें कोणीहि जावें, वास्तु पाहावी, दुपारचें वादन ऐकावें आणि आपल्या वाटेनें जावें, अशी मोकळीक आहे. प्रार्थनेचें स्थान असें सर्वांस खुलें केल्यानें काय साधतें व काय गमावतें, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

मी वास्तुशास्त्रज्ञ नव्हे, संगीताचा जाणकारहि नव्हे. आयुष्यभर तालुक्याच्या गांवीं मुलांस शिकविलेला मी एक साधा शाळामास्तर. निवृत्तीनंतर मुलीकडे कांहीं महिने लंडनजवळ राहण्याचा योग आला. एके दिवशीं चौकांतील चित्रसंग्रहालय पाहून बाहेर पडलों, तों पावसानें गांठलें. समोरच या चर्चच्या पायऱ्या होत्या. खांबांच्या ओसरींत अंग चोरून उभा राहिलों. दार उघडें होतें. पण परधर्मीयांचें देवालय, आपण आंत जावें कीं न जावें, तिकीट असेल काय, कोणी हटकील काय, असे नाना प्रश्न मनांत आले. इतक्यांत एक वृद्ध बाई बाहेर आल्या. त्यांनीं माझ्या हातावर एक छापील कागद ठेवला आणि आंत बसा, आतां वादन सुरू होईल, असें सांगितलें. त्यांनीं ना नांव विचारलें, ना गांव, ना धर्म.

आंत एक तरुण मुलगा पियानोवर बाखची रचना वाजवीत होता. श्रोत्यांत कचेरींतले कारकून होते, प्रवासी होते, हातांत भाजीची पिशवी असलेल्या गृहिणी होत्या. आणि अगदीं मागच्या बाकावर फाटक्या कोटाचा एक निराश्रित माणूस झोंपला होता. मध्येंच तो घोरूंहि लागला. त्याला कोणी उठविलें नाहीं. एका बाईनें हळूच जाऊन त्याची खालीं घसरलेली पिशवी बाकावर नीट ठेवली, एवढेंच. त्या दिवशीं ऐकलेल्या संगीतापैकीं मला फारसें कळलें नाहीं. परंतु ती पिशवी मात्र लक्षांत राहिली. पुढें मी या चर्चचा इतिहास मिळेल तेवढा वाचला.

ज्या मार्टिनच्या नांवें हें चर्च आहे तो चौथ्या शतकांतील रोमन शिपाई होता. कडाक्याच्या थंडींत वेशीजवळ कुडकुडणारा एक भिकारी पाहून त्यानें तलवारीनें आपला झगा मधोमध कापला व अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. पण संताचें नांव घेतल्यानें वास्तूच्या अंगीं संताचे गुण आपोआप येत नाहींत. या जागीं चर्च असल्याचा उल्लेख १२२२ सालापासून सांपडतो. सोळाव्या शतकांत आठव्या हेन्री राजानें तें नव्यानें बांधविलें. प्लेगचे रोगी आपल्या व्हाइटहॉल वाड्यावरून नेले जाऊं नयेत, हा त्यांतला हेतु होता असें म्हणतात. म्हणजे दीनांस जवळ करणाऱ्या संताचें मंदिर दीनांस दूर ठेवण्यासाठीं उभारलें गेलें!

आजची इमारत जेम्स गिब्स या शिल्पज्ञाची. १७२२ सालीं तिचा पाया घातला गेला, आणि २० ऑक्टोबर १७२६ रोजीं ती प्रार्थनेसाठीं अर्पण झाली. खर्च आला ३३,६६१ पौंड. पुढें सहा उंच खांबांची, प्राचीन ग्रीक-रोमन देवळासारखी ओसरी, आणि तिच्या मागें छपरांतून वर निघालेला सुमारें १९२ फुटांचा निमुळता मनोरा. देवळाच्या छपरांतून मनोरा फुटावा हें त्या काळच्या टीकाकारांस विचित्र वाटलें. परंतु गिब्सनें १७२८ सालीं आपल्या आराखड्यांचें पुस्तक छापलें आणि तें जगभर गेलें. अमेरिकेंत याच घाटाचीं चर्चें गांवोगांव झालीं. आपल्या देशांतहि मद्रासेस, म्हणजे आतांच्या चेन्नईस, एग्मोर भागांत १८२१ सालीं पूर्ण झालेलें सेंट अँड्र्यूजचें चर्च याच कुळांतलें आहे. गिब्सनें लंडनसाठीं प्रथम वर्तुळाकार सभागृह योजिलें होतें. तें खर्चाचें म्हणून नाकारण्यांत आलें. मद्रासेस मात्र उपासकांचें सभागृह वर्तुळाकारच आहे.

आंत शिरल्यावर वर पाहावें. कमानदार छतावर इटालियन कारागिरांनीं केलेलें चुन्याचें नक्षीकाम आहे. दोहों बाजूंस लाकडी सज्जे आहेत. वेदीच्या एका अंगास राजघराण्याची बैठक व दुसऱ्या अंगास आरमाराच्या अधिकाऱ्यांची बैठक आहे. या बैठका पाहणाऱ्यास एक गोष्ट सांगून जातात. त्या काळीं इंग्लंडांतील चर्चांत बसण्याच्या जागा भाड्यानें देण्याची चाल होती. ज्याची ऐपत त्याचें बाक, आणि गरिबानें मागें किंवा सज्ज्यांत कोठें तरी बसावें. देवापुढें सर्व समान, हें उपदेशांत. बसण्याच्या जागेंत नव्हे.

मग हें दार उघडलें केव्हां? १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें, आणि त्याच वर्षीं डिक शेपर्ड नांवाचे उपदेशक येथें आले. जवळच चेअरिंग क्रॉस स्टेशन आहे. तेथून फ्रान्सच्या रणभूमीकडे जाणारे सैनिक गाडींत बसत व तेथेंच जखमी परत येत. रात्रीं-अपरात्रीं त्यांना टेकण्यास जागा नसे. शेपर्डनीं चर्चचें दार रात्रींहि उघडें ठेविलें. सैनिक आले, त्यांच्यामागून बेकार आले, बेघर आले. 'नित्य उघड्या दाराचें चर्च' असा याचा लौकिक झाला. शेपर्ड स्वतः दम्यानें जर्जर होते. त्यामुळेंच १९२७ च्या सुमारास त्यांना हें काम सोडावें लागलें. परंतु एकदां उघडलेलें दार पुढच्यांनीं लावलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत बाँबवर्षाव होऊं लागला तेव्हां याच चर्चच्या तळघरांत लोकांनीं आसरा घेतला.

रेडिओच्या श्रोत्यांस एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. ६ जानेवारी १९२४ रोजीं याच चर्चमधून प्रार्थनेचें ध्वनिक्षेपण झालें. चर्चमधून थेट रेडिओवर गेलेली ती पहिली प्रार्थना. प्रार्थनेचे शब्द कोण कोठें बसून ऐकेल, खानावळींत कीं दारूच्या गुत्त्यांत, डोक्यावरची टोपी काढून कीं न काढतां, अशी काळजी कित्येक धर्माधिकाऱ्यांस वाटत असे. शेपर्डना ती वाटली नाहीं. जो दारापर्यंत येऊं शकत नाहीं, त्याच्या घरापर्यंत दारानेंच जावें, असा त्यांचा विचार असावा.

आतां संगीताकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत शेजारच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयांतील चित्रें सुरक्षिततेसाठीं वेल्समध्यें हलविलीं गेलीं. रिकाम्या भिंतींच्या त्या दालनांत मायरा हेस या पियानोवादक बाईंनीं १० ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या सुटींत वादन सुरू केलें. प्रवेशास एक शिलिंग. १९४६ पर्यंत असे १,६९८ जलसे झाले. दुपारची भाकरी आणि सूर एकाच तासांत मिळूं शकतात, हें लंडनच्या नोकरदारांस तेव्हां उमगलें. युद्धानंतरच्या काळांत सेंट मार्टिनमधील दुपारचें वादनहि शहराच्या परिपाठाचा भाग झालें. तेथें बहुधा तरुण, नव्यानें पुढें येणारे कलावंत वाजवितात. श्रोत्यानें जातांना इच्छेस येईल तें पात्रांत टाकावें, अशी चाल होती. न टाकल्यास कोणी मागत नसे.

१९५८ सालीं नेव्हिल मॅरिनर या व्हायोलिनवादकानें कांहीं तंतुवादकांस जमवून एक छोटा वाद्यवृंद स्थापिला, आणि १९५९ च्या नोव्हेंबरांत त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम याच चर्चमध्यें झाला. चर्चचेंच नांव त्यानें घेतलें. पुढें त्याच्या ध्वनिमुद्रिका जगभर गेल्या. १९८४ च्या 'अमेडिअस' या चित्रपटांतील संगीत याच वृंदाचें. ज्यांनीं लंडन कधीं पाहिलें नाहीं त्यांच्याहि घरांत या चर्चचें नांव अशा रीतीनें पोंचलें.

हें सर्व चालतें कसें, तेंहि पाहिलें पाहिजे. तीनशें वर्षांचा दगड केवळ भक्तीनें उभा राहत नाहीं. पोर्टलंडचा पांढरा चुनखडी दगड धुरानें काळवंडतो, छप्पर गळतें, लांकूड किडतें. २००८ सालीं पुरी झालेली दुरुस्ती व वाढ सुमारें ३ कोटी ६० लक्ष पौंडांची होती. संध्याकाळीं मेणबत्त्यांच्या प्रकाशांत होणाऱ्या जलशांस तिकीट असतें. तळघरांत उपाहारगृह आहे. त्याचा नफा चर्चच्या कामीं येतो. पाहुण्यांना वास्तु समजावून देण्याची सोय असते. अशा रीतीनें सूर, पेय आणि पाहुणे हीं तिन्हीं मिळून छप्पर राखतात, आणि त्या छपराखालीं बेघरांसाठीं चाललेलें कामहि राखतात. त्याच दुरुस्तींत वेदीमागची मोठी खिडकी नवी झाली. जुनी रंगीत कांच युद्धांत फुटली होती. ही नवी खिडकी शिराझेह हुशियारी या इराणांत जन्मलेल्या कलावंत बाईंनीं योजिली आहे. पारदर्शक कांचेवरील उभ्या-आडव्या रेषा मध्यें असलेल्या एका तिरप्या लंबगोलाभोंवतीं अशा वांकल्या आहेत, कीं स्थिर पाण्यांत कोणी बोट बुडवावें तसा भास होतो.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहींत. ज्या तळघरांत एके काळीं मृतांस पुरीत, तेथें चहा प्यावा काय? प्रार्थनेची जागा नाटकगृह होणार नाहीं काय? येणाऱ्यांपैकीं किती जण देवासाठीं येतात? हे प्रश्न मीहि त्या बाकावर बसून मनाशीं केले. परंतु आपल्याकडे देवळापुढें सभामंडप कशाला बांधीत? कीर्तनासाठीं, भजनासाठीं, पुराणासाठीं, आणि वाटसरूनें रात्रभर पाठ टेकावी म्हणून. गाभारा देवाचा, मंडप माणसांचा. कीर्तनास येणारा प्रत्येक जण भक्त असतो असें नाहीं. कोणी पेटीच्या सुरासाठीं येतो, कोणी उबेसाठीं. बुवा त्याला उठवून देत नाहींत. मर्यादा असावी, प्रार्थनेच्या वेळीं प्रार्थनाच व्हावी, हें खरें. पण ज्या वास्तूंत माणसांचा वावर राहत नाहीं तिच्यांत वटवाघळें राहतात, हेंहि तितकेंच खरें.

आपल्याच मुंबईचें पाहा. चर्चगेट स्टेशनांतून रोज अगणित लोक जातात. ज्या चर्चकडे नेणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून तें नांव पडलें, तें सेंट थॉमसचें चर्च १७१८ सालच्या नाताळांत उघडलें. तेंहि पाहावयास मिळतें. तरी जन्म मुंबईंत काढलेल्या कितींनीं त्याची पायरी चढली असेल? दार उघडें असणें वेगळें, आणि आपणांस तेथें जातां येतें हें मनास पटणें वेगळें.

येथें मला एक जुनी गोष्ट कबूल केली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी सातवीच्या मुलांस घेऊन एका गांवचें प्राचीन देऊळ पाहावयास गेलों होतों. दारावरच्या मनुष्यानें मुलांचीं आडनांवें विचारलीं आणि एका मुलास बाहेरच थांबण्यास सांगितलें. सानेगुरुजींनीं पंढरपुरास विठ्ठलाचें दार सर्वांस उघडावें म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत प्राण पणास लावले होते. त्यापूर्वीं १९३० सालीं नाशिकास काळाराम मंदिरापुढें डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह आरंभिला होता. कायद्यानें तर दारें केव्हांच उघडलीं होतीं. हें सारें मी वर्गांत शिकविलें होतें. पण त्या क्षणीं मीं तोंड उघडलें नाहीं. मुलगाच म्हणाला, "गुरुजी, मी सगळ्यांच्या चपला सांभाळतों, तुम्ही जाऊन या." आणि आम्ही आंत गेलों. खांबांवरचें कोरीव काम मीं मुलांस समजावून दिलें. त्यांतला एक खांबहि आज मला आठवत नाहीं. चपलांच्या राशीशेजारीं उकिडवा बसलेला तो मुलगा आठवतो.

लंडनच्या त्या बाकावर मला तोच आठवला. तेथें झोंपलेल्या माणसाची पिशवी नीट ठेवणाऱ्या त्या बाईनें कांहीं मोठें केलें नव्हतें. पण चाळीस वर्षांपूर्वीं मला तेवढेंहि करतां आलें नव्हतें.

म्हणून, श्रोतेहो, जुनें देऊळ असो, चर्च असो, मशीद असो, त्याचे खांब आणि सन मुलांस अवश्य दाखवावे. परंतु आंत शिरण्यापूर्वीं एकदां मागें वळून पाहावें, आपल्यापैकीं कोणी दाराबाहेर राहिलें तर नाहीं ना. सर्व आंत आले म्हणजे मग सूर लागावा.