खाणगावातला कॉफीचा महाल

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या पार पश्चिम टोकाला, सिडनीपासून सुमारे ११०० किलोमीटरवर ब्रोकन हिल नावाचं खाणगाव आहे. तिथल्या रस्त्यांची नावं वाचताना रसायनशास्त्राचं पुस्तक उघडल्यासारखं वाटतं: आर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, सल्फाइड. यांपैकी आर्जेंट आणि सल्फाइड हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या कोपऱ्यावर पॅलेस हॉटेलची तीन मजली इमारत उभी आहे.

१८८९ मध्ये ती बांधली तेव्हा तिचं नाव होतं ब्रोकन हिल कॉफी पॅलेस. दिवसभर जमिनीखाली राबून तहानलेल्या माणसांच्या गावात इतकं मोठं हॉटेल बांधलं, आणि तिथे दारूचा थेंब मिळणार नव्हता! त्या काळी ऑस्ट्रेलियात दारूविरोधी चळवळ जोरात होती आणि तिच्या पुढाऱ्यांना एक गोष्ट नेमकी उमगली होती. माणूस गुत्त्यात जातो तो केवळ पिण्यासाठी जात नाही. तिथे उजेड असतो, चार माणसं भेटतात, रात्री पाठ टेकायला खाट मिळते. हे सगळं त्याहून थाटात आणि दारूशिवाय द्यायचं, म्हणून शहरोशहरी कॉफी पॅलेस उभे राहिले. मेलबर्नमध्ये तर जेम्स मन्रो यांनी १८८६ मध्ये ग्रँड हॉटेल विकत घेतलं आणि त्याचा दारूचा परवाना जाहीरपणे जाळून टाकला. उपदेशाऐवजी इमारतीवर भरवसा ठेवणारी ही चळवळ मला फार विलक्षण वाटते.

ब्रोकन हिलमध्ये तर कॉफीला आणखी एक अर्थ होता. इथे वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस पडतो. खाणीमुळे माणसांचे लोंढे आले, पाणी मात्र आलं नाही. जे होतं ते गढूळ आणि दूषित. १८८८ मध्ये विषमज्वराच्या साथीनं माणसं दगावली. दुष्काळात तर रेल्वेनं पाणी आणावं लागे. अशा गावात कॉफी म्हणजे निदान उकळलेलं पाणी तरी होतं.

आता इमारतीकडे बघा. आजूबाजूची वस्ती तेव्हा बहुतांशी पत्र्याची आणि कापडाची होती. खाणीतली चांदी संपली की गाव उठणार, मग पक्कं घर कशाला, असा साधा हिशोब होता. त्यात हे तीन मजली पक्कं बांधकाम आणि दोन्ही रस्त्यांच्या बाजूनं वरच्या मजल्यांना वळसा घालणारे लांबलचक व्हरांडे. व्हरांडा दिसायला शोभेचा, पण इथे तोच इमारतीचा प्राण आहे. उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो. भिंतीवर थेट ऊन पडलं तर ती दिवसभर तापते आणि रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहते. व्हरांड्याच्या सावलीत भिंतीला थेट ऊन फारसं लागत नाही. संध्याकाळी खोल्यांची दारं उघडली की वारं आत येतं. विजेच्या पंख्याशिवाय, नुसत्या सावलीच्या मोजमापावर केलेली ही व्यवस्था!

कॉफी मात्र चालली नाही. १८९२ मध्ये दारूचा परवाना आला आणि कॉफी पॅलेसचं पॅलेस हॉटेल झालं.

पुढची मोठी उलथापालथ १९७० च्या दशकात झाली. इटलीहून आलेल्या मारिओ चेलोट्टो यांनी हॉटेल घेतलं आणि छतावर चित्रकार बॉतिचेल्लीची व्हीनस स्वतः रंगवली: समुद्रातून, शिंपल्यावर उभी राहून येणारी. पुढे बाकीच्या भिंतींसाठी त्यांनी गॉर्डन वे या आदिवासी चित्रकाराला बोलावलं. अट एकच होती, प्रत्येक चित्रात पाणी हवं. वाळवंटात आलेल्या पाहुण्याला ओअ‍ॅसिसमध्ये शिरल्यासारखं वाटावं, हा हेतू. मग जिन्याच्या भिंती, छतं, दालनं यांवर नद्या, तळी आणि धबधबे पसरले. ‘प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’ या १९९४ च्या चित्रपटामुळे ही चित्रं जगभर पोहोचली.

काही जणांना ती भडक वाटतात. मला ती या गावाची सर्वांत खरी चित्रं वाटतात, आणि त्याचं कारण जमिनीखाली आहे. १८८३ मध्ये चार्ल्स रॅस्प या मेंढवाड्याच्या कुंपणराख्यानं इथल्या काळ्या टेकडीचे तुकडे उचलले. त्याला वाटलं, कथील असावं. निघाला चांदी, शिसं आणि जस्त यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. १८८५ मध्ये त्यातून बीएचपी ही कंपनी जन्मली. हे धातू आले कुठून? बहुतेक भूशास्त्रज्ञ सांगतात की सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाच्या गाळात खालून उष्ण, खारट, धातूंनी भरलेलं पाणी झिरपत आलं आणि आपल्यासोबतचे धातू तिथेच सोडून गेलं. पुढे तो थर खोल गाडला गेला, भाजला, दुमडला आणि शेवटी झिजत झिजत उघडा पडला. म्हणजे भिंतींवर रंगवलेलं पाणी इथे एकेकाळी खरंच होतं, आणि गावाची चांदी त्यानंच आणली.

आता पाणी पुन्हा आलं आहे: २०१९ पासून गावाला मरे नदीचं पाणी मिळतं, सुमारे २७० किलोमीटर लांबीच्या नळातून.