आरएक्स १०० रोज चालवायचीय? आधी तिची ओळख पटवा

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. विषय आहे यामाहा आरएक्स १००.

ऑनलाइन जाहिरातीत फोटो दिसतो. टाकी चकाचक, क्रोम लखलखतंय, खाली लिहिलंय "फुल ओरिजिनल". पगारातून साठवलेले पैसे घेऊन निघण्याआधी पाच मिनिटं थांबा. गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल, तर तिला चमकवणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे. पहिलं काम म्हणजे समोर उभी आहे ती नक्की कोण, हे शोधणं.

ही गाडी आली कुठून?

१९८०च्या दशकात आपल्याकडच्या कंपन्यांनी जपानी कंपन्यांशी हात मिळवले आणि १०० सीसीच्या गाड्यांची लाट आली. हिरो होंडा सीडी १००, इंड-सुझुकी, कावासाकी बजाज आणि एस्कॉर्ट्सने बनवलेली यामाहा. आरएक्स १०० बाजारात आली १९८५ च्या शेवटी आणि बंद झाली १९९६ मध्ये. टू-स्ट्रोक इंजिन, ९८ सीसी, ११ बीएचपी आणि गाडीचं वजन साधारण १०० किलो. तिचा तो प्रसिद्ध पिकअप याच हिशोबातून येतो.

आता उलटा हिशोब करा. सगळ्यात 'नवी' आरएक्स १०० सुद्धा आज तिशीच्या आसपास आहे. इतक्या वर्षांत तिचे किती मालक आणि किती मेकॅनिक झाले असतील!

ओळख कशी पटवायची?

टाकीवरच्या स्टिकरवर अजिबात जाऊ नका. स्टिकर काय, बाजारात कोणताही मिळतो. नंबर बघा. चॅसिस नंबर हँडलखालच्या नळीवर, म्हणजे स्टिअरिंग हेडवर पंच केलेला असतो आणि इंजिन नंबर इंजिनाच्या केसवर. आरएक्स १०० चा ओळखीचा कोड '१एल१'. दोन्ही नंबर आरसीशी एकेक अक्षर लावून जुळवा. त्याच जागी ग्राइंडरचे ओरखडे, अक्षरांची वाकडी रांग किंवा तेवढ्याच भागावर ताजा रंग दिसला, तर चहा पिऊन परत या. जुनी युक्ती आजही चालते: नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, पंच खरा कसा आहे ते कागदावर उमटतं. मग एमपरिवहन अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून नोंदणीची तारीख आणि कर्जाचा बोजा बघा.

दुसरी गंमत इंजिनाची. आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी. थोरल्या भावंडांचा, म्हणजे आरएक्सजी आणि आरएक्स १३५ चा बोअर ५८ मिमी, म्हणून ती १३२ सीसी. १०० च्या चॅसिसमध्ये १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या भरपूर फिरतात. १०० ला चारच गिअर असतात. पाचवा पडला, तर समजा इंजिन पाहुणं आहे. पळायला मजा येईल, पण आरटीओच्या नोंदीशिवाय असं इंजिन म्हणजे अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण.

कागदांचं काय?

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यामुळे आरसीची मुदत आधी बघा. परराज्यातली गाडी असेल तर एनओसीशिवाय पैसे देऊ नका. "व्हिंटेजमध्ये टाकू" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, आणि तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आणि पीयूसीही लागणारच.

इंजिन काय सांगतं?

बघायला जाताना मालकाला सांगा, "आधी स्टार्ट करून ठेवू नका." थंड इंजिन खरं बोलतं.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील हवाबंद हवीत. मॅग्नेटोकडचं सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, धुराचे लोट थांबत नाहीत आणि गिअर ऑइल कमी होत राहतं. सील स्वस्त, पण तिथवर पोहोचायची मजुरी मोठी. भाव करताना हे धरा.

मालकाला दोन प्रश्न नक्की विचारा. पहिला: ऑइल पंप चालू आहे का? कंपनीची रचना अशी की टू-टी ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने इंजिनात जातं. बरेच जण तो पंप काढून टाकतात आणि ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळतात. हे तुम्हाला माहीतच नसेल आणि तुम्ही नुसतं पेट्रोल भरून निघालात, तर थोड्याच अंतरात इंजिन जाम! दुसरा: पिस्टन कितव्या ओव्हरसाइजवर आहे? बोअर करताना ०.२५ मिमीच्या टप्प्याने १.०० पर्यंत जातात. शेवटच्या टप्प्यावर असेल, तर पुढच्या वेळी ब्लॉक किंवा स्लीव्हचा खर्च ठरलेला.

कामाचा क्रम

गाडी घेतलीत, किंवा बाबांचीच गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. आता पैसे या क्रमाने घाला.

१. थांबणं: ब्रेक लायनर, केबल, टायर. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला जुना टायर बदलाच.

२. सरळ चालणं: स्टिअरिंगचा कोनसेट, मागच्या स्विंगआर्मचे बुश, फोर्कचं ऑइल, चेनसेट.

३. पेट्रोलची वाट: टाकीतला गंज, नवीन पाइप, फिल्टर, कार्ब्युरेटरचे जेट. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं आणि जुनं रबर खराब करतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा.

४. ठिणगी आणि वायरिंग: प्लग काढून बघा. कॉफीसारखा तपकिरी म्हणजे ठीक, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा-ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त.

५. रंग आणि क्रोम: उरलेल्या पैशांत.

आमच्या कोडिंगमधला नियम इथेही लागू: एका वेळी एकच बदल. जेट, प्लग आणि टायमिंग एकाच दिवशी बदललंत, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

आणि हो, सायलेन्सरची आतली नळी आवाजासाठी काढू नका. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर इंजिनाचाच भाग आहे. त्यातून परत येणारी दाबाची लाट ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. तो बिघडवला की आवाज वाढतो, खालच्या स्पीडची ताकद जाते आणि पावती फाटते ती वेगळीच.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठेत चक्कर मारा, पण जुना भाग हातात घेऊनच जा. आणि पहिले काही दिवस घराजवळच फिरवा, रोज ऑइल बघा, नट-बोल्ट आवळा. गाडीवर भरवसा बसला की मग ऑफिस.

तुमच्या गाडीचा नंबर १एल१ ने सुरू होतो का? आजच बघून या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!