शांत रस्ते, मिटलेली दुकाने

दुकानाच्या गादीवर तीस वर्षे बसलेल्या माणसाला रिकामा रस्ता कधी रुचत नाही. रस्त्यावर वर्दळ असली म्हणजे गिऱ्हाईक येते आणि गिऱ्हाईक आले म्हणजे चूल पेटते, हे गणित आम्हां व्यापाऱ्यांच्या अंगी भिनलेले असते. म्हणूनच फ्रान्समधील ल्यों शहरी शिकणाऱ्या माझ्या कन्येने जून महिन्यात चार दिवस सायकलप्रवासाचा बेत आखला आणि ‘तिथले रस्ते अगदी रिकामे असतात’ असे मोठ्या कौतुकाने सांगितले, तेव्हा मला त्यात कौतुकासारखे काही वाटले नाही. ते कौतुक मला पहिल्या दोन दिवसांत कळले. त्याची किंमत मात्र तिसऱ्या दिवशी कळली.

आम्ही निवडलेला प्रदेश म्हणजे बर्गंडीचा दक्षिण भाग, सोन-ए-ल्वार हा जिल्हा. ल्योंहून प्रादेशिक रेल्वेने सुमारे तासाभरात सोन नदीकाठचे तुर्नू हे गाव लागते. सायकली त्याच डब्यात बरोबर नेता येतात. शनिवारी सकाळी तेथे उतरलो आणि डी १४ हा जिल्हा-रस्ता धरला. ओझने गाव मागे पडले की रस्ता हळूहळू चढू लागतो आणि साडेतीनशे मीटरच्या आसपास उंचीवर असलेल्या ब्रांसियोंच्या खिंडीत पोहोचतो. शेजारच्या कड्यावर मध्ययुगीन किल्ला आणि त्याला बिलगलेली चिमुकली वस्ती आहे. पलीकडच्या उतारावर अकराव्या शतकातील शापेझचे चर्च आपल्या उंच मनोऱ्यासह दुरूनच दिसू लागते. पुढे खंदकाने वेढलेला कोर्मातॅंचा सतराव्या शतकातील वाडा लागतो आणि मग ग्रोन नदीच्या खोऱ्यातून क्लुनी. इ. स. ९१० मध्ये स्थापन झालेल्या येथील मठाचे चर्च, रोममधील सेंट पीटरची आजची वास्तू उभी राहीपर्यंत, ख्रिस्ती जगतातील सर्वांत मोठे गणले जाई. आज त्याचा अगदी थोडा भाग शिल्लक आहे. हा सारा प्रवास सुमारे ४० किलोमीटरचा आहे.

या भूमीचे वैशिष्ट्य असे की ती कोठेही सपाट नाही आणि कोठेही क्रूर नाही. आल्प्स पर्वतातील घाट तासन्‌तास चढत राहतात. येथील चढ दहा-पंधरा मिनिटांत संपतो आणि लगेच उतार बक्षीस मिळतो. द्राक्षमळे, मग गवताची कुरणे व त्यांत निवांत बसलेल्या पांढऱ्या शारोले गायी, मग ओक वृक्षांचे रान, असा क्रम पुन्हा पुन्हा येत राहतो. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या गुडघ्यांना भाड्याच्या सायकलीच्या गिअरने तारले. पुढच्या लहान दातेरी चक्राला ३४ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रालाही ३४, म्हणजे पायडलचा एक फेरा आणि चाकाचाही एकच फेरा. चढावर अहंकार बाजूस ठेवून हा गिअर घालावा आणि शांतपणे पाय फिरवीत राहावे, हे कन्येने शिकविले.

इतके बारीक-सारीक डांबरी रस्ते खेडोपाडी कसे, हा प्रश्न मनात येतोच. १८३६ साली फ्रान्सने कायदा करून गावोगावच्या रस्त्यांची देखभाल ग्रामपरिषदांवर बंधनकारक केली. पिढ्यान्‌पिढ्या हे जाळे विणले गेले आणि आज त्या देशात दहा लाख किलोमीटरांहून अधिक लांबीचे रस्ते आहेत. त्यांतील मोठी वाहतूक महामार्गांनी ओढून घेतली. उरलेल्या रस्त्यांवर माणसेच थोडी. सोन-ए-ल्वारचे क्षेत्रफळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख. आपला कोल्हापूर जिल्हा त्याहून लहान असूनही २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३८ लाखांवर होती. अंतर लक्षात यावे म्हणून एवढा दाखला पुरेसा आहे.

सायकलस्वार मिशेलिनचा नकाशा उघडतो तेव्हा लाल व पिवळे रस्ते सोडून पांढऱ्या रेघा शोधतो. पांढरी रेघ म्हणजे सर्वांत कमी वाहतूक. चढ कोठे व किती तीव्र, हे रेघेवरील बाणांच्या खुणांवरून कळते. जे थोडे मोटारचालक भेटतात तेही कायद्याला जागतात. वस्तीबाहेर सायकलीला ओलांडताना किमान दीड मीटर आणि वस्तीत एक मीटर अंतर राखणे तेथे सक्तीचे आहे. वळणावर आमच्या मागे एक ट्रॅक्टर बराच वेळ संथपणे येत राहिला, पण त्याने भोंगा वाजविला नाही. आपल्या रस्त्यांवर वाढलेल्या कानांना ही शांतता प्रथम चुकल्यासारखी वाटते.

रविवारी आम्ही मोटारींना मज्जाव असलेल्या ‘हरित मार्गा’वरून गेलो. झिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा पट्टा १९९७ साली खुला झाला. फ्रान्समधील हा अशा प्रकारचा पहिला मार्ग मानला जातो. येथे पूर्वी रेल्वे धावत असे. रूळ उखडून त्या जागी डांबर घातले. आगगाडीला तीव्र चढ मानवत नाही, त्यामुळे हा मार्ग लहान मुलांना व आजी-आजोबांनाही सहज झेपतो. क्लुनीच्या दक्षिणेस याच मार्गावर ब्वा-क्लेर नावाचा सुमारे १६०० मीटर लांबीचा जुना बोगदा आहे. उन्हाळ्यातही आत अंगावर काटा येईल इतका गारवा असतो. हिवाळ्यात मात्र हा बोगदा माणसांना बंद करतात, कारण तेथे वटवाघळे शीतनिद्रा घेतात. त्या काळात सायकलस्वारांनी डोंगरावरून वळसा घ्यायचा. मूक जिवांची झोप मोडू नये म्हणून माणसाने आपली वाट बदलावी, ही गोष्ट ऐकून मन भरून आले.

तिसरा दिवस सोमवारचा. क्लुनीच्या पश्चिमेकडील टेकड्यांत साठ किलोमीटरांची फेरी ठरली होती. वाटेत एखादे दुकान लागेलच, या व्यापारी भरवशावर मी जवळ थोडे बदाम आणि दोन सफरचंदे एवढेच घेतले. चूक तेथेच झाली. फ्रान्सच्या ग्रामीण भागात बहुतेक दुकाने दुपारी बारा ते दोन बंद असतात आणि सोमवारी तर अनेक ठिकाणी दिवसभर. पहिले गाव बंद, दुसरे बंद, तिसऱ्या गावात दुकानच नाही. दुपारी एकाच्या सुमारास माझ्या पायांतील बळ असे ओसरले, जणू कोणी दिव्यातील तेल काढून घेतले. फ्रेंच सायकलस्वार या अवस्थेला ‘फ्रँगाल’ म्हणतात. पाण्याची सोय कन्येला ठाऊक होती: तेथील गावोगावच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो, त्यावर पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना, एवढे पाहावे. भाकरीची सोय चौकातील एका यंत्राने केली. नाणे टाकले की लांबोडा पाव बाहेर. गावात भट्टी उरली नाही तेथे अशी यंत्रे बसवितात.

त्या यंत्राजवळच्या पायरीवर बसून कोरडा पाव चघळताना समोरच्या भिंतीकडे लक्ष गेले. उन्हाने विटलेली अक्षरे होती, कन्येने वाचून दाखविली: ‘किराणा’. काचेला डोळे लावून आत पाहिले. लाकडी फडताळे, खालच्या खणांना पितळी मुठी, मध्ये झिजलेला गल्ला. आमच्या आजोबांच्या दुकानात होती तशीच मांडणी. कोणीतरी येथे पहाटे दार उघडले असेल, उधारीची वही ठेवली असेल, मुलांच्या हातावर गोळ्या ठेवल्या असतील. ज्या शांततेसाठी आम्ही इतक्या दूर आलो होतो, ती या दुकानाच्या मिटलेल्या दारातून आली होती. तरुण शहरांत गेले, मोटारीवाले दूरच्या मोठ्या बाजारात जाऊ लागले आणि गावचा रस्ता सायकलीसाठी मोकळा झाला.

कन्येने विचारले, ‘‘बाबा, आपल्या दुकानाचं पुढे काय?’’ हा प्रश्न आमच्या घरात सर्वांच्या मनात असतो, पण तोंडावर कोणी आणीत नाही. ती परत येऊन गादीवर बसणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि मला ते ठाऊक आहे, हे तिलाही. त्या पायरीवर आम्ही प्रथमच त्याविषयी मोकळेपणी बोललो. उत्तर सापडले नाही. पण उरलेले पंचवीस किलोमीटर पाय हलके झाले होते.

मंगळवारी हरित मार्गाने उत्तरेकडे, शालोंच्या रेल्वेस्थानकाकडे निघालो. वाटेत थोडे आडबाजूला जाऊन एका खेड्यात थांबलो. तेथे दुकान चालू होते. बंद पडलेली जागा गावाच्या परिषदेने विकत घेऊन माफक भाड्याने दुकानदारीण बाईंना दिली होती. किराणा, पाव, वृत्तपत्रे, टपालाची पार्सले, कॉफीची तीन टेबले, सारे एका छताखाली. आणि दाराशी सायकली टेकविण्याचा लाकडी आडवा दांडा. आम्ही गरजेपेक्षा जास्त चेरी घेतल्या, हे सांगायला संकोच वाटत नाही. पेशाने दुकानदार असलेल्या माणसाला दुसऱ्या दुकानदाराची बोहनी कळते.

जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचे, मोठ्यांनीही घालावेच. रविवार-सोमवारची शिदोरी शनिवारीच बांधावी. पारंपरिक चीज बनविताना वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी विचारल्यावाचून घेऊ नये. स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारी ग्रामीण घरे, ज्यांना तेथे ‘झीत’ म्हणतात, ती आपल्या कुटुंबांना फार सोयीची. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. दिवसा जेवण्याचा नियम पाळणाऱ्यांची मुळीच अडचण होत नाही.

आणि एक विनंती. वाटेत चालू दुकान दिसले, तर गरज नसतानाही थांबा. आत शिरताना प्रथम ‘बोंझूर’ म्हणा. नमस्काराशिवाय मागितलेली वस्तू तेथे उद्धटपणाची ठरते. मग काहीतरी विकत घ्या. रिकाम्या रस्त्याचा आनंद तुम्ही फुकट घेतला आहे. त्याची थोडी तरी परतफेड त्या गल्ल्यावर व्हावी.