रंगाऱ्याची मुलगी आणि दोन पोप

संतचरित्र म्हटले की चमत्कारांची अपेक्षा ठेवूनच आपण ऐकावयास बसतो. सिएनाच्या संत कॅथरीनच्या चरित्रात त्यांचा तोटा नाही. तिचा चरित्रकार रेमंड हा तिचा गुरू होता आणि भक्तही. पण मला येथे सांगावयाचे आहे ते तिच्या पत्रांविषयी. तिने लेखकांकडून लिहवून घेतलेली सुमारे ३८० पत्रे आज उपलब्ध आहेत.

इटलीतील सिएना नगरात १३४७ साली एका रंगाऱ्याच्या घरी ती जन्मली. दुसऱ्याच वर्षी प्लेगने ते नगर उजाड केले. लग्न नको म्हणून तिने केस कापले, तेव्हा घरच्यांनी तिची खोली काढून घेऊन तिला घरकामास जुंपले. तिने मनातच एक खोली बांधली! पुढे ती डॉमिनिकन पंथाच्या, घरी राहूनच व्रत पाळणाऱ्या स्त्रियांत सामील झाली आणि रोग्यांची शुश्रूषा करू लागली. शाळा नाही, अधिकारपद नाही.

पोपचे आसन तेव्हा रोममध्ये नव्हते. १३०९ पासून ते आविन्यो येथे, फ्रेंच राजाच्या छायेत होते. १३७६ साली कॅथरीन तेथे गेली. फ्लॉरेन्स आणि पोप यांचे भांडण मिटवावे हा तिचा हेतू होता. तो साफ फसला, कारण खुद्द फ्लॉरेन्सच्याच वकिलांनी तिला बाजूस सारले. पोप अकरावे ग्रेगरी मात्र जानेवारी १३७७ मध्ये रोमला परतले. हे केवळ तिचे यश असे म्हणवत नाही. परतण्याचे त्यांच्या मनात आधीपासूनच होते. धीर तेवढा होत नव्हता.

ग्रेगरींना लिहिलेल्या पत्रांत ती त्यांना लाडाने ‘बाबा’ म्हणते, पृथ्वीवरील ख्रिस्त म्हणते. आणि त्याच पत्रांत भ्याडपणा सोडा, पुरुषासारखे वागा, असेही बजावते. आपल्या सार्वजनिक जीवनात सत्ताधाऱ्यापुढे एक तर आरती, नाही तर शिव्या, अशी रीत पडली आहे. कॅथरीनला हा पेच पडलाच नाही. ते पद तिला पवित्र वाटे, म्हणूनच पदावरच्या माणसाचे दोष तिला सहन होत नसत.

१३७८ मध्ये ग्रेगरी वारले. नवे पोप सहावे अर्बन इतके तापट निघाले की कार्डिनलांनी बंड करून दुसराच पोप निवडला. ती फूट १४१७ पर्यंत टिकली. ज्या रोमवापसीसाठी कॅथरीन झटली, तिच्या पाठोपाठ हे यावे! तरीही ती अर्बन यांच्या बाजूने उभी राहिली, त्यांच्या बोलावण्यावरून रोमला गेली, आणि त्यांनाही स्पष्टपणे लिहीत राहिली. एका पत्राबरोबर तिने पाकवलेली, सोन्याचा वर्ख लावलेली नारिंगे पाठविली आणि कृतीही कळविली: कडू नारिंग आधी पाण्यात उकळून त्याचा कडवटपणा काढावा लागतो, मग आत गोडवा भरावयाचा. रागीट माणसाला याहून सौम्य शब्दांत कोणी सुनावले असेल असे मला वाटत नाही.

२९ एप्रिल १३८० रोजी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ती रोममध्ये वारली. पाच वर्षांनी अर्बन यांनी आपल्याच सहा कार्डिनलांना कैदेत टाकून त्यांचा छळ केला.