पेटीचे दान

काही वर्षांपूर्वी एका लहानशा गावातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत, नोकरीनिमित्त मुंबईस स्थायिक झालेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेली पेटी आणि तबल्याची जोडी शाळेस अर्पण करण्याचा समारंभ झाला, त्यास मी हजर होतो. श्रीफळ वाढविले गेले, भाषणे झाली, आणि चौथीतल्या एका मुलीने त्या नव्या पेटीवर ईशस्तवन म्हटले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या आयाबायांची कुजबुज आपोआप थांबली. पुढे तीन वर्षांनी त्याच शाळेत जाण्याचा योग आला, तो पेटी लोखंडी कपाटात कुलूपबंद होती. भात्याच्या घड्यांना कसर लागली होती, आणि पावसाळी दमटपणाने फुगलेल्या दोन पट्ट्या एकदा दाबल्या की वर येत नव्हत्या. जडसंग्रह नोंदवहीत मात्र तिची नोंद बिनचूक होती. मुख्याध्यापकांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. कारण बदलीच्या वेळी ज्याला एकेक जिन्नस मोजून पदभार सोपवावा लागतो, त्याने मोडण्याजोगी वस्तू मुलांच्या हाती न देणे हे दप्तराच्या शिस्तीस धरूनच होते.

वाद्य शाळेला दिले म्हणजे मुलांना दिले असे होत नाही, ही गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली, आणि तेव्हापासून जो कोणी दाता भेटेल त्याला मी ती सांगत आलो आहे.

संगीतशिक्षणासाठी लोकांपुढे हात पसरण्याची आपली परंपरा काही आजची नाही. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी तालीम घेतलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी संस्थानी आश्रयाची निश्चिंती सोडून दिली, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते एखाद्या दरबाराच्या नेमणुकीवर नव्हे, तर जलशांच्या उत्पन्नावर आणि सामान्य जनांच्या देणग्यांवर. १९०८ साली मुंबईत त्यांनी विद्यालय काढले, त्यासाठी कर्ज काढून वास्तू उभारली, आणि त्याच कर्जापायी ती पुढे लिलावात गेली. ज्यांच्या शब्दाखातर श्रोते तिकीट काढून गाणे ऐकू लागले, त्या पुरुषालाही लोकाश्रयाच्या बळावर हा बोजा निभावता आला नाही, तर खेड्यातील एका शाळेने वर्षानुवर्षे लागणाऱ्या दुरुस्तीची तजवीज कोणाच्या भरवशावर करावी?

सरकारी तरतुदीकडे पाहावे, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ग्रंथालय आहे, खेळाचे साहित्य आहे, आणि कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही आहे. परंतु हा निदेशक सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तोही पटसंख्या शंभराच्या वर असेल तेव्हा. पहिली ते पाचवीच्या मुलांना गाणे शिकवायचे ते वर्गशिक्षकानेच. मात्र याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असे ठरविले आहे, आणि शासनाकडूनच नव्हे तर अन्य कोणत्याही मार्गाने आलेल्या निधीच्या विनियोगावर लक्ष ठेवण्याचे काम तिच्याकडे सोपविले आहे. म्हणून दात्याने वाद्य सुपूर्द करताना समितीच्या सभेत एक ठराव मागून घ्यावा, की हे वाद्य मुलांच्या रोजच्या वापरासाठी आहे आणि वापराने झालेल्या मोडतोडीची भरपाई शिक्षकाकडून मागितली जाणार नाही. कपाटाचे कुलूप निघते ते अशा कागदाने.

आता द्यावे काय, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे सद्हेतूने केलेल्या चुकाच फार आढळतात. लहान मुलांचा गळा प्रौढ पुरुषाच्या काळी एकवर बसत नाही, त्याला वरची पट्टी लागते. आणि घरातील कोणा दिवंगत वडीलधाऱ्यांचा तबला श्रद्धेने शाळेस दिला जातो, तो बहुधा रुंद तोंडाचा, ढाल्या स्वराचा असतो. तो मुलांच्या पट्टीपर्यंत चढविण्यासाठी गठ्ठे ठोकीत गेले, तर वादीवर ताण येतो आणि एके दिवशी पुडी फाटते. तबला द्यायचा तर अरुंद तोंडाचा, टिपेचा द्यावा, आणि त्यासोबत चुंबळी, हातोडी व जाड कापडाची गवसणी द्यावी.

दुसरे असे, की चाळीस मुलांच्या वर्गात पेटी एकच असली म्हणजे एक जण वाजवितो आणि एकोणचाळीस जण पाहतात. तितक्याच पैशांत टाळांचे पंधरा जोड, वीस लेझिमी, चार खंजिऱ्या आणि एखादी ढोलकी आली, तर एकही हात रिकामा राहत नाही, आणि लय प्रथम हातापायांत उतरते. या वाद्यांचा जाणकारही दूर शोधावा लागत नाही. गावच्या भजनी मंडळातील एखादा मृदंगी किंवा टाळकरी आठवड्यातून एक तास आनंदाने देतो, असा माझा अनुभव आहे.

सुराला आधार म्हणून एक लहान तंबोरा मात्र जरूर असावा. तो घेण्यासाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत स्वतः जावे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या या कारागिरीस २०२४ साली सतार आणि तंबोरा यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांतून ही वाद्ये कशी घडतात, हे शिक्षकाने एकदा डोळ्यांनी पाहिले, तर वाद्य भिंतीला कसे टेकवावे आणि उन्हापासून कसे जपावे हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही.

राहिला दुरुस्तीचा पैसा. देणगीची सारी रक्कम खरेदीत खर्ची घालू नये. निदान पाचवा हिस्सा शाळेच्या खात्यात दुरुस्तीच्या नावाने वेगळा ठेवावा, आणि पावसाळा सरला की कारागिरास बोलावून पेटीचा भाता, सूर आणि तबल्याच्या पुड्या तपासून घ्याव्यात.

वाचकहो, यंदाच्या दिवाळीत आपल्या गावच्या शाळेस वाद्य देण्याचे आपल्या मनात असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी एकदा त्या शाळेत जा, मुलांना गावयास सांगा, त्यांची पट्टी लिहून घ्या, आणि पुढच्या दिवाळीस पेटी कशी वाजते आहे हे पाहायला पुन्हा जा.