गेम बनवणाऱ्या कंपनीत काम करणे म्हणजे काय?



अर्धवार्षिक परीक्षेनंतर झालेल्या पालक सभेत सगळे निघून गेल्यावर एक गृहस्थ आमच्याजवळ थांबले. मुलगा बारावीत आहे, गणितात चांगला आहे. ते म्हणाले, "सर, हा म्हणतो गेमिंग कंपनीतच जाणार. आम्ही त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतो आणि हा त्यावरच पोट भरायचं म्हणतो. कोर्सची फी काही लाखांत आहे, कर्ज काढावं लागेल. काढू की नको, तुम्हीच सांगा."

आम्ही त्यांना लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि त्या वेळी संगणक आम्ही फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. म्हणून आमच्या संगणक शिक्षकांबरोबर बसून आम्ही वाचन केले आणि या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीशी बोललो. त्यातून जे समजले ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

खेळणे वेगळे, बनवणे वेगळे

गणेशोत्सवात आपण नाटक बघतो तेव्हा दोन तास मजेत जातात. पण जे नाटक बसवतात त्यांना विचारा. संहिता, तालमी, नेपथ्य, प्रकाश, कपडे, वर्गणी यांत दोन महिने जातात. गेमचेही तसेच आहे. खेळाचे नियम आणि अवघडपणा ठरवणारा डिझायनर, तो खेळ संगणकाला समजेल अशा भाषेत लिहिणारा प्रोग्रामर, माणसे, झाडे, इमारती काढणारे चित्रकार, त्या चित्रांना चालायला लावणारे अ‍ॅनिमेटर, आवाज आणि संगीत देणारे, सर्वांचे वेळापत्रक सांभाळणारा प्रोड्यूसर आणि चुका शोधणारे टेस्टर, अशी ही मोठी मंडळी असते. मोठ्या गेमवर शेकडो, कधी हजाराहून जास्त माणसे चार-पाच वर्षे काम करतात.

नवीन मुलांना यात बहुधा टेस्टरचे काम आधी मिळते. दिवसभर गेम खेळायचा आणि वर पगार, अशी मुलांची कल्पना असते. आमची माजी विद्यार्थिनी याच कामातून पुढे गेली. ती म्हणाली, "सर, एकाच भिंतीला शंभर वेळा वेगवेगळ्या कोनांतून धडक मारायची आणि माणूस भिंतीतून आरपार जातो का ते बघायचं. गेला तर कुठल्या पायरीनंतर गेला ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन आलं की परत शंभर वेळा." ज्याला चिकाटी आहे आणि जो नेमके लिहू शकतो त्यालाच हे काम जमते. भाषेच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रात्रीचे जागरण

या धंद्यात 'क्रंच' हा शब्द फार ऐकू येतो. गेम बाजारात आणायची तारीख आधी जाहीर होते, जाहिरातींवर पैसा खर्च होतो आणि पाश्चात्त्य देशांत नाताळची विक्री चुकवायची नसते. दुसरीकडे गेम मजेदार झाला की नाही हे तो बराचसा तयार झाल्याशिवाय कळतच नाही, त्यामुळे बदल शेवटपर्यंत चालू राहतात. तारीख हलत नाही आणि काम वाढत जाते. मग शेवटचे काही आठवडे, कधी कित्येक महिने, माणसांना रात्रंदिवस बसवले जाते. यालाच क्रंच म्हणतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने नाव न देता इंटरनेटवर खुले पत्र लिहिले. आधी रोज आठ तास, आठवड्याला सहा दिवस. मग रोज बारा तास, सहा दिवस. शेवटी सकाळी नऊ ते रात्री दहा, सातही दिवस, म्हणजे आठवड्याचे सुमारे ८५ तास. जादा पगार नाही, बदली सुटी नाही. ते पत्र जगभर वाचले गेले. लिहिणारीचे नाव एरिन हॉफमन हे २००६ मध्ये लोकांना कळले. कर्मचाऱ्यांनी कोर्टात दावे केले होते. त्यांत तडजोड होऊन कंपनीने २००५ मध्ये चित्रकारांसाठी १ कोटी ५६ लाख डॉलर आणि २००६ मध्ये प्रोग्रामरांसाठी १ कोटी ४९ लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

इतके जागून काम तरी चांगले होते का? पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने 'सायबरपंक २०७७' या गेमसाठी कर्मचाऱ्यांवर क्रंचची सक्ती करणार नाही असे २०१९ मध्ये सांगितले होते. सप्टेंबर २०२० मध्ये मात्र सहा दिवसांचा आठवडा लागू झाला. तेथील कायद्याप्रमाणे जादा वेळेचे पैसे मिळाले, पण डिसेंबरमध्ये आलेल्या गेममध्ये इतक्या चुका होत्या की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. तो सहा महिन्यांनी, जून २०२१ मध्ये परत आला. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांना आम्ही जे सांगतो तेच येथे मोठ्या प्रमाणावर झाले.

सगळीकडे असेच असते असे नाही. अमेरिकेतील सुपरजायंट गेम्स या सुमारे वीस जणांच्या कंपनीत वर्षाला निदान वीस दिवस सुटी घेणे बंधनकारक आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर कामाचे ईमेल पाठवायचे नाहीत असा नियम आहे, असे तेथील लोकांनी सांगितले आहे. २०२० मध्ये पूर्ण झालेला त्यांचा 'हेडीस' हा गेम जगभर नावाजला गेला.

नोकरी किती पक्की?

पालकांचा खरा प्रश्न हाच असतो. करोनाच्या काळात लोक घरी बसून गेम खेळू लागले आणि कंपन्यांनी भराभर माणसे घेतली. मागणी ओसरली, व्याजदर वाढले, तेव्हा हीच माणसे जड वाटू लागली. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेमिंग विभागातून १,९०० आणि फेब्रुवारीत सोनीने सुमारे ९०० जणांना कमी केले. यांत अनेक वर्षांचा अनुभव असलेलेही होते.

टेस्टरांची नोकरी त्याहून कच्ची, कारण त्यांना पुष्कळदा कंत्राटावर घेतात. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये बारा टेस्टरांना कंत्राट पुढे चालू ठेवणार नाही असे सांगितले गेले, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी काम थांबवले. मे २०२२ मध्ये तेथील टेस्टरांनी १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन करण्याचे ठरवले.

आपल्या देशात एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि इतर गेम यांत फार फरक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्या कंपन्यांनाही लोक गेमिंग कंपनीच म्हणत. त्यांत शिकलेली, हुशार मुले चांगल्या पगारावर होती, आणि अनेकांची नोकरी काही आठवड्यांत गेली. म्हणून कंपनी पैसा कशातून मिळवते हे मुलाखतीला जाण्याआधीच विचारावे.

भारतात काय आहे?

बंगळुरूला १९९७ मध्ये सुरू झालेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही या क्षेत्रातील जुनी भारतीय कंपनी. तिने परदेशी गेमसाठी चित्रे आणि मोटारींची प्रतिरूपे बनवून नाव मिळवले, आणि २०१९ मध्ये ती रॉकस्टार या परदेशी कंपनीने घेतली. फ्रान्सच्या युबिसॉफ्टने २००८ मध्ये पुण्यात आणि २०१८ मध्ये मुंबईत आपली शाखा उघडली. आपल्याकडचे बरेच काम असे दुसऱ्यांच्या गेमसाठी केलेले असते.

पण स्वतःचा गेम बनवणारेही आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरचा गेम २०२० मध्ये आणला. लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता, तरी त्या छोट्या मंडळींनी काम सोडले नाही. अशा लोकांचे समाधान आम्हाला समजते. आमची माजी विद्यार्थिनीही म्हणाली, "गेम संपल्यावर नावांच्या यादीत आपलं नाव सरकत जातं, तेव्हा आईला फोन करून दाखवलं होतं मी." मात्र गेम पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली तर नाव गाळण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, हेही तिनेच सांगितले.

मग कर्ज काढावे का?

त्या पालकांना आम्ही पुढच्या भेटीत पुढील गोष्टी सांगितल्या. एक, आधी पदवी घ्यावी. संगणक, गणित किंवा चित्रकला, जे मुलाला जमते ते. गेमचे काम गेले तरी ही विद्या दुसरीकडे चालते. दोन, कोर्स घेण्याआधी त्या संस्थेतून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या पाच मुलांशी स्वतः फोनवर बोलावे. पाच नावे द्यायला संस्था तयार नसेल तर फी भरू नये. तीन, नोकरी मिळाली तर पक्की की कंत्राटी, जादा वेळेचे पैसे की बदली सुटी, आणि नावांच्या यादीत नाव येणार का, हे लेखी विचारावे. चार, कंपन्या प्रमाणपत्रापेक्षा मुलाने स्वतः काय बनवले ते आधी बघतात. स्क्रॅच, गोडो, ब्लेंडर ही साधने मोफत आहेत. कर्ज काढण्याआधी मुलाने एक लहानसा गेम पूर्ण करून दाखवावा. अर्धवट दहा नकोत, पूर्ण एकच हवा.

मुलगा शेजारीच उभा होता. त्याने सापशिडी बनवायला घेतली. पंधरा दिवसांनी मधल्या सुटीत तो आमच्या कक्षात आला तेव्हा डोळे लाल होते. सापाच्या तोंडाशी आलेली सोंगटी खाली उतरतच नव्हती, आणि ती चूक शोधण्यात त्याचे तीन दिवस गेले होते. "सापडली का रे?" आम्ही विचारले. म्हणाला, "सापडली सर. पण आता शिडी चढत नाहीये." असे म्हणून तो हसला आणि घंटा झाली म्हणून वर्गाकडे पळाला. त्याच्या वडिलांना आम्ही सांगितले आहे की कर्जाचा विचार उन्हाळ्याच्या सुटीनंतर करू, तोवर याला शिडी चढवू द्या.

आपले,
प्राचार्य